चारशे वीसचा हिशेब

एक किलो हळद पावडर. किंमत ४०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे गिऱ्हाईक देतं ४२०. आकड्यावरून हसू नका, बेरीज तेवढीच होते. माझ्या वेबसाइटवर ऑर्डर आली, पैसे नेट बँकिंगने भरले गेले. पेमेंट गेटवेवाल्याने, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे माझ्या बँकेत पोचवणाऱ्या कंपनीने, आपले २ टक्के काढले, ८ रुपये ४० पैसे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १ रुपया ५१ पैसे. उरले ४१० रुपये ९ पैसे. इथवर माझी तक्रार नाही. सोय वापरतो तर पैसे मोजायलाच हवेत.

पण हे ४१० रुपये ९ पैसे सुटे पडतात थोडेच! दिवसभराच्या ऑर्डरी एकत्र करून, कमिशन कापून, आठवड्यापूर्वीच्या कुणाच्या तरी रिफंडचे पैसे वळते करून, दोन दिवसांनी एकच गठ्ठा बँकेत टाकतात. त्यात कुठली ऑर्डर आली नि कुठली राहिली ते शोधायला एक्सेलची फाइल उतरवायची. रकाने बघत स्क्रीन सरकवून बोट दुखतं, आणि मध्येच एक रकाना 'अदर अ‍ॅडजस्टमेंट'. कसलं अदर? माझेच पैसे आहेत ना? वर ३१ मार्चची विक्री एप्रिलमध्ये जमा होते, म्हणजे विक्री एका वर्षाची आणि पैसे दुसऱ्या वर्षात. झालं कल्याण.

हीच हळद एका ऑनलाइन बाजारावर पण ठेवली आहे. तिथे दोन सरकारी कात्र्या. एक आयकराची, टीडीएस, १९६१ च्या कायद्यातलं कलम १९४-ओ. १ ऑक्टोबर २०२० ला आली, कायद्यात दर १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. म्हणजे किलोमागे चाळीसएक पैसे. दुसरी जीएसटीची, टीसीएस, म्हणजे बाजारवाल्याने विक्रीतून आधीच कापून सरकारला भरायचा कर, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. दर कमी केले, उपकार झाले. पण मेख पुढे आहे. आयकराची कपात ढोबळ विक्रीवर, बाजारवाल्याचं कमिशन वजा करण्याआधीच्या रकमेवर. जीएसटीची कपात परत आलेला माल वजा करून. तेव्हा एकाच महिन्याची एकच हळद, पण २६एएसमध्ये, म्हणजे आयकर कपातीच्या उताऱ्यात, एक आकडा, जीएसटी पोर्टलवर दुसरा, बँकेत तिसरा आणि माझ्या बिलबुकात चौथा. चारही बरोबर! ही खरी चीड आहे. कुणी खोटं बोलत असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यात ते टीसीएसचे दोन रुपये आपोआप मिळत नाहीत. पोर्टलवर जाऊन 'स्वीकारले' म्हणून बटण दाबायचं, मग ते आपल्या कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्याला, जमा. कापताना कुणी विचारलं होतं का मला, स्वीकारते का म्हणून?

सीए म्हणतात, "ताई, विक्री म्हणून बँकेतली जमा धरायची नाही, ग्राहकाने दिलेली रक्कम धरायची, जीएसटी वगळून. कमिशन हा तुमचा खर्च." पटलं. पण मग ४४एडी, ही त्याच कायद्यातली छोट्या धंद्याची अंदाजे नफा धरायची सोय, घेतलं, की डिजिटल विक्रीवर ६ टक्के नफा ठरलेला, त्यातून कमिशन वेगळं वजा होत नाही. तरी ढोबळ आकडा लागतोच, आणि तो त्या गठ्ठ्यांतून आपणच उपसायचा. बँकेतली जमा बघून रिटर्न भरणारे आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत किती असतील, मोजायला नको. आयकर खात्याकडच्या माहितीच्या उताऱ्यात, एआयएसमध्ये, विक्री जास्त, रिटर्नमध्ये कमी, की या बसा उत्तरं देत. पलीकडे कर्नाटकात २०२५ च्या जुलैत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. इथल्या लोकांनीही धसका घेतलाय, उगाच नाही.

आता कमिशनवरचा तो १ रुपया ५१ पैसे. तो मला क्रेडिट म्हणून परत मिळायला हवा. पण त्यासाठी गेटवेवाल्याच्या बिलावर माझा जीएसटी नंबर हवा, तरच ते २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं. नंबर त्यांच्याकडे आहे. खातं उघडताना त्याचा फोटो, पॅन, कॅन्सल चेक, दुकानाच्या पाटीचा फोटो, सगळं घेतलं होतं. तरी बिल निघतं बिननंबरी. फोन केला, "मॅम, टिकट रेज कर दिया है." संध्याकाळी मेसेज, तुमचं टिकट सोडवलं आहे, कृपया पाच तारे द्या. बिल होतं तसंच.

या गेटवेवाल्यांकडे नि बाजारवाल्यांकडे मागणी काय आहे माझी? एक पान. ग्राहकाने दिले इतके, परत गेले इतके, आमचं कमिशन इतकं, त्यावर जीएसटी इतका, टीडीएस इतका, टीसीएस इतका, बँकेत टाकले इतके, पुढच्या वर्षात गेले इतके. आमच्या मार्केट यार्डातला अडत्या हळदीच्या सौद्यानंतर पट्टी देतो ना, वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम? तेवढीच. त्याच्याकडे सर्व्हर नाही, अ‍ॅप नाही, तरी शेतकऱ्याला पट्टी मिळते. ह्यांच्याकडे प्रत्येक पैसा लिहिलेला आहे, नाहीतर ४० पैसे अचूक कापता आले असते का?

आणि जमत नाही असंही नाही. ज्या अ‍ॅपवर वर्षाच्या विक्रीचा रिपोर्ट मागितला की 'नंतर प्रयत्न करा' येतं, त्याच अ‍ॅपवर परवा हिरवी पट्टी झळकली. तुमच्या गेल्या बारा महिन्यांच्या विक्रीवरून तुम्हाला बिझनेस लोन मंजूर. खाली माझी विक्री, महिनावार, रुपयापर्यंत बरोबर. स्क्रीनशॉट काढला आणि सीएंना पाठवला.