तेरा जहाजांनी ३३० बुडवली?

सोळाव्या शतकात जपानच्या स्वारीशी लढलेल्या यी सुन-शिन या कोरियन दर्यासारंगावरचा ‘द अ‍ॅडमिरल: रोअरिंग करंट्स’ (२०१४) कुणी नव्याने पाहिला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. “१२ जहाजांनी ३३० जपानी जहाजं बुडवली. तलवारी उपसून शत्रू कापून काढला. फितुराला तिथल्या तिथे मारलं. जपानी आरमार संपलं. सगळं खरं आहे, इतिहासात नोंद आहे!”

नोंद आहेच. यी सुन-शिन लढाईच्या धामधुमीतही रोजनिशी लिहायचा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी मात्र ती चाळलेली दिसत नाही.

आधी आकडे. “माझ्याकडे अजून १२ जहाजं आहेत” हे त्याने राजाला लिहून कळवलं होतं. सिनेमात दाखवलेल्या म्यॉंगन्यांगच्या लढाईच्या दिवशी, २६ ऑक्टोबर १५९७ रोजी, ती १३ झाली होती. रोजनिशीप्रमाणे समोर १३३ जहाजं आली आणि त्यांतली ३१ फुटली. एकास दहा हे प्रमाण कुणाचीही छाती दडपवणारं आहे. त्याला वर आणखी फोडणी कशाला?

तलवारींची गोष्ट मला सगळ्यात खटकते. सिनेमात यीच्या जहाजावर जपानी सैनिक चढतात, हातघाई होते, प्रेतांचा खच पडतो. (प्रसंग म्हणून जबरदस्त आहे, मीही श्वास रोखूनच पाहिला.) पण शत्रूला जहाजावर चढू द्यायचं नाही, यावरच तर यीचं सगळं युद्धतंत्र उभं होतं. जपान्यांचा भर बंदुका आणि हातघाईवर होता. कोरियन पानोकसॉन जहाजं उंच कठड्यांची, सपाट तळाची आणि जड तोफा पेलणारी. सपाट तळामुळे ती जागच्या जागी वळायची. त्यामुळे अंतर राखून तोफा डागणं हाच शहाणपणा होता, आणि ही लढाई झाली त्या उल्दोल्मोकच्या चिंचोळ्या, खवळत्या सामुद्रधुनीत शत्रूची सगळी जहाजं एकदम अंगावर येऊच शकत नव्हती. रोजनिशीत शत्रूचे सैनिक चढायला बघतात ते आन वी या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या जहाजावर. खुद्द यीच्या जहाजावर त्या दिवशी गोळी लागून मेले दोघं. दोघं! तोफखान्याने जिंकलेली लढाई पडद्यावर तलवारबाजांची झाली.

एका बाबतीत सिनेमा प्रामाणिक आहे. सुरुवातीला बाकीची जहाजं भीतीने मागे रेंगाळली आणि यी एकटा पुढे राहिला, हे रोजनिशीतही आहे.

फितुराचं म्हणाल, तर सिनेमात यीच्या हाताखालचा अधिकारी बे सॉल कासवनौका (वरून छप्पर असलेली कोरियन युद्धनौका) जाळतो आणि पळताना बाण लागून मरतो. प्रत्यक्षात या लढाईत कासवनौका नव्हतीच. बे सॉल लढाईआधी पळाला हे खरं, पण तो पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला तो १५९९ मध्ये. त्याच्या वंशजांनी सिनेमावाल्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, त्यात नवल नाही. गंमत म्हणजे त्याआधी चिलचॉल्यांगच्या लढाईत कोरियन आरमाराची धूळधाण उडाली, तेव्हा जी १२ जहाजं वाचली ती बाहेर काढणारा हाच बे सॉल. तिथूनही तो पळतच निघाला होता, पण त्याच्या त्या पळण्यामुळेच राजाला लिहायला ‘१२’ उरले.

आणि “जपानी आरमार संपलं”? विजयाच्या त्याच रात्री यीने सामुद्रधुनी सोडली आणि तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरकत गेला. १३ जहाजांनिशी तिथे थांबणं परवडणारं नव्हतं. युद्ध १५९८ च्या अखेरपर्यंत चाललं आणि नोऱ्यांगच्या शेवटच्या लढाईत तो स्वतः पडला. त्याच्या कितीतरी आधी, म्यॉंगन्यांगला महिनाही झाला नव्हता, तेव्हा घरून पत्र आलं: आसानला जपानी सैनिकांशी लढताना धाकटा मुलगा म्यॉन मारला गेला. पत्र फोडण्याआधीच आपले हातपाय गळाले होते, असं त्याने त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवलंय.