एचआयव्हीची गोळी ‘आतून पोखरते’ म्हणे

आमच्या धनकवडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज आलाच, तुम्हालाही आला असेल. एचआयव्हीच्या गोळ्यांनी गाल बसतात, किडनी जाते, सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा रक्तातला आकडा, चांगला असेल तर गोळ्या बंद करून काढा घ्या, आणि गोळी खाल्ली तरी रोग जोडीदाराला लागतोच. मी २००७ पासून गोळ्या खातोय, सोसायटीत कुणाला माहीत नाही, म्हणून तिकडे न लिहिता इथे लिहितोय.

गाल बसतात? बसायचे की! माझेच बसले होते. पण ते स्टॅव्हुडिननी, तेव्हा एसएलएन मिळायची, म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन, आणि त्यातल्या स्टॅव्हुडिननी चेहऱ्याची हातापायाची चरबी झडायची, पायाला मुंग्या यायच्या, लोक विचारायचे काय रे शुगर आहे का आणि मी हो म्हणून टाकायचो. डब्ल्यूएचओनं २००९ मध्येच सांगितलं की ही वापरातून काढा, आणि आपल्याकडेही ती गेली. मग टीएलई आली, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाविरेन्झ, आणि त्यातल्या एफाविरेन्झनी रात्री असली स्वप्नं पडायची की विचारू नका. आता टीएलडी, टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्राव्हिर ५०, दिवसाला एकच गोळी. तिच्यावर उलट वजन वाढतं बऱ्याच जणांचं, माझ्या पँटी टेलरकडे गेल्यात! मेसेज लिहिणारा पंधरा वर्षं मागेच अडकलाय.

किडनीचं मात्र पूर्ण खोटं नाही, आणि इथेच नीट समजून घ्यायला पाहिजे. टेनोफोव्हिरनी काही जणांच्या किडनीला आणि हाडांना त्रास होऊ शकतो, म्हणून तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, तपासतात, आणि बीपी-शुगर असेल किंवा अंगदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात असाल तर जास्तच जपायचं. पण दुसरी गंमत अशी की डोलुटेग्राव्हिर क्रिएटिनिन लघवीतून बाहेर पडायची एक वाट थोडी अडवतं, त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत आकडा किंचित वर जाऊन तिथेच थांबतो, किडनी ठणठणीत असते. मग लोक रिपोर्ट बघून घाबरतात आणि स्वतःच गोळी बंद करतात. अरे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा ना, गरज पडली तर औषध बदलून देतात.

झोप उडणं, डोकं दुखणं, मळमळ, हे होतं काहींना, बहुतेकांचं थोड्या दिवसांत जातं. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्या. आणि एक गोष्ट मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही, ॲसिडिटीची अँटासिड, कॅल्शियम, लोह यांच्यासोबत डोलुटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही, म्हणून आपली एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम-लोह जेवणासोबत एकत्र चालतं, अँटासिड नाही. टीबीची रिफाम्पिसिन किंवा शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा, डोस बदलावा लागतो.

आता त्या काढ्याचं. सीडी फोर वाढला तो गोळीमुळेच! गोळी बंद केली की लपून बसलेला व्हायरस काही आठवड्यांत परत वर येतो, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन अचानक थांबवल्यावर लिव्हर भडकू शकतं, कारण तीच औषधं त्यालाही दाबून ठेवत असतात. आपल्याकडे २०१७ पासून सीडी फोर कितीही असो, औषध सगळ्यांना सुरू करतात, आणि सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, फुकट.

आणि जोडीदाराचं? त्याचं उत्तर शोधायला तर पुण्याबाहेर जायचीही गरज नाही. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास झाला, नऊ देशांतली १७६३ जोडपी, त्यात आपल्या भोसरीच्या ‘नारी’चं, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचं, केंद्रही होतं. २०११ मध्ये निकाल आला, औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला लागण ९६ टक्के कमी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला राहिला तर संबंधातून लागतच नाही. गोळ्या चुकवल्या तर मात्र ही हमी नाही.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच टाकलं, ‘हे चुकीचं आहे, डॉक्टरांना विचारा.’ चेअरमनकाकांनी खाली अंगठा दिला, मला की त्या मेसेजला ते काय कळलं नाही.