बायसनमध्ये बिसचं कॉकपिट? एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘आफ्टरमार्केट घ्यायचंच तर आधी बाहेरचं, मग आतलं’ या विमानांच्या स्केल मॉडेलसाठी वेगळे विकत मिळणाऱ्या सुट्या भागांवरच्या (आफ्टरमार्केट) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा असा: कॉकपिट हा मॉडेलचा जीव असतो, तोच सोडा म्हणणं हा आळस आहे, किटवर पैसे घालणाऱ्याने तेवढेच सुट्या भागांवर घालायची तयारी ठेवावी, आणि थ्रीडी प्रिंटिंगच्या जमान्यात मी अजून पितळी नळ्यांचं कौतुक करत बसलोय. शेवटी तुम्ही विचारलंय की हवाई दलाचं मिग-२१ बायसन करायला एडुआर्ड कंपनीचं १/४८ मापाचं मिग-२१ ‘बिस’चं किट आणि बिसचाच रेझिनचा (साच्यात ओतलेल्या राळेचा) कॉकपिट सेट आणलाय, त्यात वावगं काय?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण आपला खरा मतभेद तिथे आहे. बायसन हे बिसचंच अद्ययावत रूप, पण वैमानिकाच्या समोरचा भाग बदललेला आहे. कोप्यो रडार आलं, सोबत हेड-अप डिस्प्ले (समोरच्या काचेवर माहिती दाखवणारा) आणि मल्टिफंक्शन डिस्प्ले (पॅनलवरचा पडदा) आले, आणि पुढची काच अखंड, चौकटीविना झाली. तुमच्या रेझिन सेटमध्ये गोल तबकड्यांनी भरलेलं जुनं पॅनल आहे. कितीही सुरेख ओतलेलं असो, ते दुसऱ्या विमानाचं आहे. ते बसवलंत की मॉडेलमध्ये तपशील वाढेल आणि अचूकता कमी होईल. आणि काच? ती तर लांबूनही दिसते. बिसच्या काचेला मधे सपाट चिलखती तावदान आणि दोन्ही बाजूंना चौकटी असतात. म्हणजे बायसनसाठी पहिला खर्च कॉकपिटवर नाही, काचेवर व्हायला हवा. तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर साचा घडवून त्यावर व्हॅक्युफॉर्म करा, म्हणजे तापवलेली पारदर्शक शीट हवा ओढून साच्यावर बसवा.

म्हणूनच मी म्हणतो की सुटे भाग निवडण्याआधी विमान निवडा. ‘मिग-२१’ म्हणणं पुरेसं नाही. ओझरला एचएएलने एफएल, एम आणि बिस असे तिन्ही प्रकार परवान्याने बांधले, आणि तिन्हींत फरक भरपूर. एफएलची कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) पुढे बिजागरी असलेली, तिच्या आत एसके जातीची इजेक्शन खुर्ची; एम आणि बिसची कॅनोपी उजवीकडे उघडते आणि आत केएम-१ असते. पिटोटची नळी (हवेतला वेग मोजायची नाकावरची काठी) एफएलमध्ये नाकाच्या बरोबर वर मध्यावर, एम आणि बिसमध्ये उजवीकडे सरकलेली. पाठीवरचा उंचवटा एफएलचा सडपातळ, बिसचा फुगीर. केएम-१ खुर्चीची जाहिरात बघून कोणी ती एफएलमध्ये बसवली, तर ती चूक कुठल्याही रंगाखाली लपत नाही.

फोटो गोळा करताना एक सांगतो: चौकात नाहीतर शाळा-कॉलेजच्या आवारात खांबावर चढवलेल्या मिगवर विसंबू नका. त्यांची चाकं रंगवलेली असतात, कॅनोपी आतून पांढरी केलेली असते आणि पिटोट तर पुष्कळदा साध्या पाइपाचं असतं. सेवेत असतानाचा, शेपटीवरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो हवा.

आता कॉकपिट हा जीव असतो, या म्हणण्याकडे. मिग-२१च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये १५ सेंटीमीटरही नाही. सुमारे ८० मिलिमीटरची तबकडी या मापात १.७ मिलिमीटरची होते. कॅनोपी बंद असेल तर खुर्चीचा माथा, पट्टे आणि पॅनलवरचं छज्जासारखं आवरण एवढंच नजरेत भरतं. बाजूच्या कन्सोलवरची बटणं फक्त तुम्हाला ठाऊक असतात. कॅनोपी उघडी ठेवणार असाल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण तेव्हाही मी आधी खुर्ची घेईन, पूर्ण टब (कॉकपिटची तळ-भिंतींसकटची पेटी) नाही. खुर्ची हीच त्या भोकातली सर्वांत मोठी वस्तू आहे, आणि एकटी खुर्ची पूर्ण सेटच्या मानाने स्वस्त पडते.

पूर्ण टबचा त्रास ज्याने भोगला नाही त्याला तो नीट सांगायला हवा. किटच्या प्लास्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ पाच सेंटीमीटर जाड. रेझिन टब आत बसायचा तर ती भिंत घासून घासून इतकी पातळ करावी लागते की पलीकडचा उजेड दिसतो. मिगमध्ये कॉकपिटच्या तळाशी पुढच्या चाकाची खाच आणि दोन्ही अंगांनी हवेचा मार्ग. जागा मुळातच नाही. टब अर्धा मिलिमीटर जरी रुंद राहिला तरी फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग मिटत नाहीत, आणि जबरदस्तीने मिटवले तर पुढची काच बसत नाही. मग पुट्टी, मग गेलेल्या पॅनल लाइन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) पुन्हा कोरणं. जे बाहेरून सगळ्यांना दिसतं ते बिघडवून आतलं न दिसणारं सुधारायचं, हा सौदा मला पटत नाही. (रेझिन घासताना पाणी आणि मास्क दोन्ही वापरा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.)

पैशाबद्दल. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. स्केल मॉडेल त्याच वर्गात मोडतात. आपल्याकडे परदेशातून मागवलेल्या छोट्या पाकिटाचाही हिशेब त्यामुळे बदलतो, आणि नुकत्याच सुरुवात केलेल्या मुलाला ‘तेवढेच पुन्हा घाल’ सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यातून एडुआर्डचं प्रोफीपॅक (किटची महाग आवृत्ती) घेतलं असेल तर रंगीत फोटोएच (पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेलं) पॅनल आणि रंगवताना काच झाकायचे कॅनोपीचे मास्क खोक्यातच असतात. वर रेझिन कॉकपिट घेणं म्हणजे आधीच मोजलेले पैसे ड्रॉवरमध्ये टाकणं. रेझिनच लावायचं पक्कं असेल तर हे जादा भाग नसलेली स्वस्त वीकेंड आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशात हवं ते निवडा.

फोटोएचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण जाता जाता: तो पत्रा आहे, म्हणून पत्र्यासारख्या गोष्टींनाच शोभतो. पट्टे, जाळ्या, पातळ दारं. त्यातून गोल दांडा किंवा लिव्हर करायला जाल तर चपटी पट्टी दिसेल, तिथे ताणलेला स्प्रू (किटचे भाग जोडलेली प्लास्टिकची काडी) किंवा तार बरी.

थ्रीडीच्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडण नाही. प्रिंट केलेल्या खुर्च्या आता पट्ट्यांसकट येतात आणि ओतलेल्या रेझिनला मागे टाकतात. फक्त आधाराच्या काड्या कापताना घाई नको, माल ठिसूळ असतो. आणि क्विंटासारख्या कंपन्यांचे उठावदार थ्रीडी डिकॅल (चिकटवायची चित्रं) हा तर मधला उत्तम मार्ग आहे. किटच्या पॅनलवरचे उंचवटे खरवडायचे आणि चिकटवायचे, भिंती घासायची गरज नाही. पण प्रकार तपासायचा नियम त्यांनाही लागू आहे.

पितळी नळीचं कौतुक मात्र मी सोडणार नाही. मिग-२१ ओळखू येतं ते नाकावरच्या त्या लांब काठीने, आणि प्लास्टिकची काठी जाड तरी असते नाहीतर हाताळताना मोडते. पोलंडच्या मास्टर कंपनीचं पितळेचं कातलेलं पिटोट हा मिगवर करायचा माझा पहिला खर्च. दुसरा चाकं: मुख्य चाकाचा व्यास ८०० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर १६-१७ मिलिमीटर. एवढ्या मोठ्या वस्तूच्या मधोमध जोडाची रेघ असेल तर ती डोळ्यांत खुपते. रेझिनचं चाक अखंड असतं आणि बसवायला पाच मिनिटं. तिसरा नॉझल (इंजिनाची मागची नळी), कारण नळीच्या आतला जोड घासणं जिकिरीचं. मात्र रेझिन नॉझल जड असतं, तेव्हा फ्यूजलाज मिटवण्यापूर्वी नाकात वजन किती लागेल ते टेप लावून तपासा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल.

तुमच्या हातातल्या सेटचं काय करायचं? त्यातली केएम-१ खुर्ची बायसनला चालते, ती काढून वापरा. टब आणि पॅनल ठेवून द्या आणि कधीतरी ऐंशीच्या दशकातलं साधं बिस करा, तिथे ते शोभेल. बायसनचं पॅनल घरीच करावं लागेल: प्लास्टिक शीटचा तुकडा, छापलेले डिस्प्ले आणि त्यावर चमकदार वॉर्निशचा थेंब. हेड-अप डिस्प्लेची काच पारदर्शक शीटमधून कापा, पुढची अखंड काच बसवायच्या आधी चिकटवा, आणि तिथे सुपरग्लू वापरू नका, वाफेने काच धुरकट होते.