काका, आधी 'लोअर डेक्स' बघा, मग फॉरवर्ड करा

परवा घरच्या ग्रुपवर काकांचा एक लांबलचक फॉरवर्ड आला. काका म्हणजे दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेतले कर्क आणि स्पॉक बघितलेला माणूस. मला या नादाला त्यांनीच लावलं. मजकूर असा: 'स्टार ट्रेक: लोअर डेक्स' हे पोरांचं कार्टून, त्यात 'रिक अँड मॉर्टी' या मोठ्यांच्या कार्टूनची नक्कल, स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांना कार्टून खपलंच नसतं, ही त्यांच्या स्वप्नाची टिंगल, एका जुन्या गंभीर भागाचं नाव चोरलेलं, मूळ कथेत त्याला स्थान नाही आणि कोणी बघेना म्हणून शेवटी गुंडाळलं. त्यावर आत्तेबहिणीने लगेच विचारलं, "पोरांचं आहे ना? मग आमच्याकडे लावून देते." तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. मग मात्र गप्प बसवेना.

ताई, नको. पहिल्याच भागात झिंगलेली नायिका मॅरिनर क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासी योद्ध्यांची तलवार, बॅटलेथ, फिरवता फिरवता तिचा सहकारी बॉइमलरचा पाय चिरते. पुढे जहाजावर साथ पसरते आणि लोक काळी घाण ओकत एकमेकांना चावत सुटतात. जहाजाची डॉक्टर टियाना मांजरासारखी दिसते खरी, पण तिने तोंड उघडलं की 'बीप' वाजायला लागतो. पोरांसाठी केलेली स्टार ट्रेक मालिका 'प्रॉडिजी', ती वेगळी. चित्र हलताना दिसलं की पोरांचं, एवढीच या फॉरवर्डवाल्याची समज.

'रिक अँड मॉर्टी'चं मात्र अर्धं खरं आहे. निर्माता माइक मॅकमॅहन तिथेच लिहायचा, आणि सुरुवातीच्या भागांत सगळे जण गाडी चुकत असल्यासारखे बोलतात. मलाही डोकं धरावंसं वाटलं होतं. पण याच माणसाने त्याआधी 'नेक्स्ट जनरेशन' या कर्क-स्पॉकनंतरच्या स्टार ट्रेक मालिकेच्या कधीच न बनलेल्या आठव्या हंगामाच्या खोट्या कथा रचून ट्विटरवर टाकल्या होत्या. मालिका पाठ असल्याशिवाय ते जमत नाही.

रॉडनबेरींना कार्टून खपलं नसतं म्हणे! १९७३ साली त्यांच्या हयातीत, त्यांच्याच सहभागाने स्टार ट्रेकची कार्टून मालिका आली होती. २२ भाग. या सगळ्या पसाऱ्याला पहिला एमी मिळाला तो तिलाच, १९७५ साली.

आता टिंगल. तिसऱ्या भागात कनिष्ठ मंडळी कामाला लागणारा वेळ वाढवून सांगतात आणि उरलेल्या वेळात श्वास घेतात, हे जहाजाची कॅप्टन फ्रीमनला कळतं. ती बंदी घालते आणि दमलेलं जहाज कोलमडतं. ही थट्टा कुठून आली? कर्कच्या जहाजाचा इंजिनियर, खुद्द स्कॉटीकडून. १९८४च्या स्टार ट्रेक सिनेमात तो दुरुस्तीचा वेळ चौपट सांगतो, हे कर्कसमोर उघड होतं. काका, तुम्ही तेव्हा हसला होतात ना? मग आत्ताच कसा अपमान झाला?

पण ज्या मुद्द्याने माझं डोकं खरंच फिरलं तो नाव चोरल्याचा. 'लोअर डेक्स' हा 'नेक्स्ट जनरेशन'चा १९९४ सालचा भाग. त्यात सीटो जॅक्सा नावाची बजोर ग्रहावरची एन्साइन, म्हणजे सगळ्यात कनिष्ठ अधिकारी, आहे. अकादमीत असताना तिच्यासोबतच्या निक लोकार्नोच्या पथकाने एक धोकादायक कसरत केली, त्यात एक कॅडेट मेला, आणि ते लपवण्यात ती सामील होती. ही गोष्ट १९९२च्या 'द फर्स्ट ड्यूटी'मधली. पुढे कॅप्टन पिकार्ड तिला संधी देतो, कार्डेशियन या परग्रहवासी लोकांच्या हद्दीत गुप्त कामगिरीवर पाठवतो, आणि ती परत येत नाही. कथा तिथेच थांबली आणि जवळपास ३० वर्षं पडद्यावर कोणी तिचं नाव काढलं नाही.

काढलं ते या 'टिंगलखोर' मालिकेने, चौथ्या हंगामात, २०२३ साली. (ज्यांना आधी कळायला नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

बढती मिळाली की मॅरिनर मुद्दाम ती घालवते. तीन हंगाम आपण समजतो, बाई उर्मट आहे. मग एका वादळात, एका क्लिंगॉनसमोर ती बोलून जाते: सीटो तिची मैत्रीण होती. एन्साइन असताना मरायला पाठवलेली मैत्रीण. मॅरिनरला ते पद नको, जिथे बसून उद्या तिलाच कुणाला तरी मरायला पाठवावं लागेल. आणि त्या हंगामाचा खलनायक कोण, तर लोकार्नो. शेवटच्या भागात सीटोला आवाजही मूळ अभिनेत्री शॅनन फिलचाच आहे. मेलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यामागे रडणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे जुन्या मालिकेने विचारलंच नव्हतं. आणि म्हणे चोरी!

कथेत स्थान नाही? २०२३ सालीच 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या कार्टून नसलेल्या स्टार ट्रेक मालिकेच्या एका भागात बॉइमलर आणि मॅरिनर जिवंत माणसांच्या रूपात कॅप्टन पाइकच्या एंटरप्राइज जहाजावर वावरले, भूमिका त्यांना आवाज देणाऱ्या त्याच दोन कलाकारांनी केल्या. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स, म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन'मधला खुद्द रायकर.

राहिलं गुंडाळणं. हो, ५ हंगाम, ५० भाग, आणि डिसेंबर २०२४ मध्ये थांबवली. मलाही ते आवडलं नाही. शेवटच्या भागाला पुढच्या वर्षी विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेवढंच समाधान. पण बंद पडणं हाच पुरावा धरायचा, तर कर्क-स्पॉकची मालिका ७९ भागांत, तिसऱ्याच हंगामानंतर बंद केली होती.

तेव्हा काका, आधी 'द फर्स्ट ड्यूटी' पुन्हा बघा, मग तो १९९४चा भाग, आणि मग या कार्टूनच्या चौथ्या हंगामाचे शेवटचे दोन. आणि ताई, तेवढा वेळ पोराला खाली खेळायला पाठव.