चष्म्यावर चष्मा

खानापूरची आमची आत्या दर 1 नोव्हेंबरला, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चालते. तिला बेळगावात थ्रीडी सिनेमाला न्यायची अवदसा मला 2022च्या डिसेंबरात आठवली. ‘अवतार’चा दुसरा भाग. नाव ऐकून तिने फक्त उपास धरायचा का, एवढंच विचारलं.

सिनेमा कन्नडमध्येही आला होता, मराठीत नव्हता. म्हणून इंग्रजीचं तिकीट काढलं. आमच्याकडे हीच तटस्थ भाषा. शिवाय त्यातली निळी माणसं ‘नावी’ नावाची मुद्दाम रचलेली भाषा बोलतात. तिच्यावर अजून कुणी दावा सांगितलेला नाही.

दारावरचा पोरगा खोक्यातून चष्मे वाटत होता. “कन्नडक तगोळ्री.”

आत्या जागीच थांबली. “काय म्हणालाय त्यो? कन्नड? आम्ही इंग्लिशचं तिकीट काढलंय!”

“आत्या, चष्म्याला कन्नडमध्ये कन्नडक म्हणतात.”

“मुद्दाम ठेवलंय नाव.”

माझं दुखणं वेगळं. नाकावर आधीच मायनस चारचा चष्मा, त्यावर हा दुसरा. मान मागे टाकली तर टिकायचा, सरळ केली की घसरून समोशात. डाव्या काचेवर आधीच्या खेळातल्या कुणाचा तरी लोणकट अंगठा उमटलेला. शर्टाने पुसला, तर तो काचभर पसरला. पुढची 192 मिनिटं सिनेमातल्या पँडोराच्या समुद्रावर मला एका बाजूने आंबोलीचं धुकं.

पण समुद्र काय होता! देवमाशासारखं ते तुळकुन अंगावरून गेलं तेव्हा मी समोशासकट मागे सरलो. आत्याने तोंडापुढे तरंगणारा बुडबुडा फोडायला हात घातला, तो पुढच्या गृहस्थांच्या टकलावर बसला. तेही बिचारे माशातच गुंतलेले, वळले नाहीत.

मध्येच ती चष्मा काढून पडदा तपासायची. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं एकावर एक पडलेली, त्यामुळे काचेविना प्रत्येक निळ्या माणसाला दोन-दोन कडा. “ह्याच्याबिगर धड दिसतच नाही की रे,” म्हणत नाइलाजाने परत चढवायची.

सुटल्यावर ती चष्म्यासकटच दारापर्यंत आली. पोरगा आडवा आला. “अज्जी, कन्नडक कोड्री.”

“मराठीत माग. देते.”

मागे रांग तुंबली. पोरगा हसला.

“चष्मा द्या की वो, आज्जी!”

आत्याने चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा लखलखीत पुसल्या आणि त्याच्या हातात ठेवला. माझा तसाच गेला, अंगठ्यासकट.