न्यू फोल्डर (3)

आमच्या कोथरूडच्या घरात माणसं पाच आणि संगणक सहा. अप्पांचा डेस्कटॉप, माझा लॅपटॉप, बायकोचा ऑफिसचा, दोन्ही पोरांचे एकेक, आणि माळ्यावर धूळ खात पडलेला एक जुना डबा. तो टाकवत नाही आणि भंगारवाला दीडशेच्या वर सरकत नाही. अप्पा सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे हिशेबाची एकच फाईल घरभर पसरलेली: ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘हीच खरी फायनल’. एका रविवारी पोहे खाताखाता मी जाहीर केलं, आता आपल्याकडे सर्व्हर येणार, म्हणजे सगळ्यांच्या फायली एकाच जागी सांभाळणारा संगणक.

“बँकेत असतो तो?” अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. “तो तर कायम डाऊन असतो.”

घरगुती सर्व्हर ही काही माझ्या डोक्यातली अवलाद नव्हे. 2007 साली मायक्रोसॉफ्टने खास घरांसाठी ‘विंडोज होम सर्व्हर’ काढला होता, दहा संगणकांपर्यंत सांभाळणारा. 2016 मध्ये त्याचा कारभार आटोपला. मग मी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ या लिनक्सवर चालणाऱ्या, फुकटातल्या सर्व्हर-प्रणालीकडे वळलो. माळ्यावरचा डबा खाली काढला, झुरळांना नोटीस दिली, आणि चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्क बसवल्या. दोन्ही मिरर करून, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. याला ‘रेड’ म्हणतात. 1988 साली बर्कलीच्या संशोधकांनी हे नाव दिलं तेव्हा त्यातल्या एका अक्षराचा अर्थ ‘स्वस्त’ असा होता. डिस्कचं बिल पाहिल्यावर बायकोला हा इतिहास सांगून पाहिला. उपयोग झाला नाही.

आता प्रश्न जागेचा. हॉलमध्ये घुरघुर नको, बेडरूममध्ये निळा दिवा नको, देवघराखाली तर नकोच. शेवटी फ्रिजमागच्या कोपऱ्यात त्याची स्थापना झाली. तिथे प्लग एकच. आठवडाभर रोज सकाळी पावणेअकराला सर्व्हर मान टाकायचा. मी लॉग वाचले, रॅम बदलली, रात्री दोनपर्यंत जागलो. आठव्या दिवशी घरी होतो म्हणून उलगडा झाला. कामाच्या मावशी शांतपणे प्लग काढून तिथे मिक्सर लावत होत्या. “दादा, चटणी वाटायची असती,” त्या म्हणाल्या. यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

मग आल्या परवानग्या. विंडोजवाल्यांना लिनक्सच्या फायली दिसाव्यात म्हणून ‘सांबा’ नावाची प्रणाली असते. (विंडोजच्या फाईल वाटून घेण्याच्या पद्धतीला ‘एसएमबी’ म्हणतात; हे नाव तिच्या कर्त्याने एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने असलेला शब्द शब्दांच्या यादीत हुडकून ठेवलं. आमच्याकडे बारशाला याहून जास्त वाद होतात.) मी प्रत्येकाला वेगळा फोल्डर, वेगळा पासवर्ड दिला. संध्याकाळी अप्पांनी हाक मारली. पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’.

“म्हणजे काय रे?”

“अप्पा, तुम्हाला परवानगी नाही असं म्हणतंय.”

“हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते त्याला एकदा सांग.”

रात्री मी सगळ्यांना सगळीकडे पूर्ण परवानगी देऊन टाकली. घरात शांतता नांदली. ती तीन आठवडे टिकली.

तीन आठवड्यांनी चिरंजीवांना गेमचे व्हिडिओ ठेवायला जागा कमी पडू लागली. आजची पोरं कष्टाळू. त्याने साफसफाई केली. त्यात ‘न्यू फोल्डर (3)’ गेला. आता, आमच्या 2009 सालच्या लग्नाचे सगळे फोटो ‘न्यू फोल्डर (3)’मध्ये का होते, हे बायकोने मला विचारलं, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारू नका. नेटवर्कवरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. जावी असं वाटत असेल तर सर्व्हरवर एका चौकोनात टिचकी मारावी लागते. तो चौकोन मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडला होता. आणि मिरर? एका डिस्कने जे पुसलं ते दुसरीने त्याच क्षणी, डोळ्यांत पाणी न आणता पुसलं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी किमान वीस ठिकाणी वाचलेलं होतं. प्रती तीन हव्यात, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

“अहो,” बायको दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, “आईकडे डीव्हीडी आहेत की. फोटोग्राफरने दिलेल्या तीन. तेव्हाच पाठवल्या होत्या.”

माझा सगळा अभ्यास एकीकडे आणि साताऱ्याचं माहेर एकीकडे. शनिवारी पहाटेच गाडी काढली. सासूबाईंनी कपाटातून लाडवांचा जुना डबा काढला. आत जरीच्या खणात गुंडाळलेल्या दोन डीव्हीडी. हळद आणि लग्न, दोन्ही सुखरूप.

“आणि रिसेप्शन?”

सासूबाई जरा घुटमळल्या. मग मला गच्चीवर घेऊन गेल्या. धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि वर बांबूला दोऱ्याने बांधलेलं आमचं रिसेप्शन उन्हात गरगर फिरत होतं.

“लागत नव्हती हो ती, जावईबापू. पण कावळा एक फिरकत नाही.”

मी स्टुलावर चढून गाठ सोडायला लागलो.

“काढताय तर काढा,” त्या खालून म्हणाल्या, “पण बदली दुसरी लावून जा. कुरडया अजून ओल्या आहेत.”