धुराचं पेट्रोल? काका, जरा थांबा

परवा सकाळी पोहे-जलेबी खाता खाता आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘इंदूरच्या सिटी बस कचऱ्यावर धावतातच. आता असा उत्प्रेरक निघालाय की कार्बन डायऑक्साइडचं थेट इंधन होतं. वीज लागत नाही, उत्प्रेरक कधी संपत नाही. तेल कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय.’ (उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया सोपी आणि वेगवान करणारा, पण स्वतः त्यात खर्च न होणारा पदार्थ.) तोवर हाच मेसेज मला चार ठिकाणांहून आला होता.

आधी बसचं. इंदूरच्या देवगुराडियाचा, कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प खरा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा. पण तिथे राबतात ते जिवाणू. बंद टाकीत, हवा न लागता, ते भाजीची देठं आणि शिळी पोळी कुजवतात. निघणाऱ्या वायूत मिथेन असतो आणि साधारण चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड. हा कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावरच बसला चालेल असा गॅस उरतो. म्हणजे मेसेज ज्याचं इंधन करायला निघालाय, तेच इथे गाळून टाकावं लागतं!

‘वीज लागत नाही’ ही खरी गोम. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या कार्बनची राख समजा. राखेचं पुन्हा लाकूड करायचं, तर जळताना गेलेली ऊर्जा परत भरावी लागणार, आणि उत्प्रेरक ती पदरची घालत नाही. उत्प्रेरक म्हणजे नुसता बोगदा: खालच्या निमाडातून वर इंदूरला येताना घाटात बोगदा काढला तर वेडीवाकडी वळणं वाचतात; इंदूरची उंची काही कमी होत नाही.

हिशेबच करू. एक टन मेथनॉलला (हे असं बनवता येणारं एक द्रव इंधन) १,३७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळपास १८८ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट वीज. झाले नऊ हजारांवर युनिट! आणि त्या टनभर मेथनॉलमध्ये ऊर्जा असते साडेपाच हजार युनिटांची. ही वीज कोळशाची असेल तर धूर उलट वाढतो.

‘कधी संपत नाही’ हे शाळेच्या पुस्तकापुरतं ठीक. मेथनॉलसाठी उत्प्रेरक म्हणून तांबं, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) वापरतात, दोन-तीनशे अंशांवर, ५० ते १०० बार, म्हणजे हवेच्या साधारण तितक्याच पट दाबाखाली. उष्णतेने तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून जाड होतात, काम मंदावतं. त्यात गंधक म्हणजे विषच. कचऱ्याच्या वायूला नासक्या अंड्याचा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. तो आधी नीट काढला नाही तर उत्प्रेरक मेलाच. टिकाऊ उत्प्रेरकाचं संशोधन चाललंय ते इथेच: रुथेनियमसारख्या महागड्या धातूऐवजी लोखंड, निकेल, तांब्यावर भागवायचं, ते गंधक आणि वाफेला पुरून उरेल असं करायचं, आणि थकलं की धातू परत काढून घ्यायचा.

दाबून ठेवल्याचं म्हणाल, तर आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगीला २०१२ साली कार्बन डायऑक्साइडपासून मेथनॉल बनत होतं, भूगर्भातल्या उष्णतेच्या विजेवर. प्रकल्पाला नोबेल विजेते जॉर्ज ओला यांचं नाव आहे. लपवायचं म्हणून कुणी पाटी लावत नाही.

काकांनी हे सगळं वाचून एवढंच विचारलं, “मग ओला-सुका वेगळा करायचा की नाही?” करायचा, काका. प्लास्टिकची पिशवी जिवाणू खात नाहीत.